गडबच्या इंग्रजाची पोथी

इंग्रजीतलं एकही अक्षर मुकं ठेवायचं नाही, असा सरांचा बाणा होता. 'नाइट', म्हणजे सरदार, या शब्दातली जी अक्षरं आपण सगळे शाळेत गपगुमान गिळायला शिकलो, ती सर भर वर्गात खणखणीत वाजवायचे. 'क्निख्त!' पोरं बाकांवर लोळायची. शेजारच्या वर्गात मी मराठी शिकवत असायची, तिथेही हशा पिकायचा. सर शांतपणे म्हणायचे, "हसा. सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज असाच बोलायचा. लिहील तसं बोलणारा, आपल्यासारखा सरळ माणूस होता तो. लबाडी नंतर शिकला."

असे कॉलेजातले पुष्कळ तास त्यांनी अभ्यासक्रमात नसलेल्या एका जुन्या इंग्रज कवीवर उधळले. त्यामुळे पोरांनी त्यांचं नाव 'इंग्रज' ठेवलं, आणि ते गडब गावचे म्हणून 'गडबचे इंग्रज'. दिसायला मात्र हा माणूस अंगापिंडाने पक्का शेतकरी. लावणीच्या दिवसांत पॅन्टच्या शिवणीत चिखल घेऊनच वर्गावर यायचे. कुणी टोकलं की म्हणायचे, "आमचा कवी बघा, गिरणीवाल्यावर लिहितो, नांगरट्यावर लिहितो. त्याला चिखल चालतो. प्राचार्यांना चालत नसेल तर त्यांनी दुसरा कवी शोधावा."

मी पेणला रामवाडीला राहते. कॉलेजला जायला रोह्याच्या एसटीत मी बसायची आणि सर गडबला चढायचे. त्यांच्यासाठी जागा धरायचं काम माझ्या पर्सकडे होतं. नागोठणं येईपर्यंत ते भाताविषयी बोलायचे आणि नागोठण्यानंतर कवीविषयी. मला इंग्रजी बेताचं येतं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याने त्यांचं काही अडत नसे. त्या कवीने रचलेल्या यात्रेकरूंच्या गोष्टी ते आपल्या गावकीतल्या भानगडी सांगाव्यात तशा सांगायचे. एकदा एका पाचवेळा लग्न केलेल्या बाईची गोष्ट एवढ्या रंगात आली की कंडक्टर तिकिटं फाडायचं सोडून ऐकत उभा राहिला.

त्या कवीचा एक जुना ग्रंथ त्यांच्या घरी होता. साधासुधा जुना नव्हे. छापखाने नवे होते त्या काळात विलायतेत छापलेला. शिकायला मुंबईत होते तेव्हा फुटपाथवरच्या एका रद्दीवाल्याकडे त्यांना तो मिळाला. पुठ्ठे गेलेले, पहिली पानं गेलेली, म्हणून रद्दीवाल्याने तो वजनावर दिला. पुढे मुंबईच्या एका मोठ्या ग्रंथालयातले जाणकार गृहस्थ मुद्दाम गडबला येऊन बघून गेले. अशा प्रती जगात मोजक्याच, हे त्यांनी ओटीवर बसून सांगितलं आणि ग्रंथ ग्रंथालयाला द्या म्हणून हात जोडले. सर म्हणाले, देतो. पुढच्या वर्षी देतो. त्यानंतर दर वर्षी ते पुढच्याच वर्षी देणार होते.

मी तो ग्रंथ दोनदा पाहिला. जाड, काळी, अंगावर येणारी अक्षरं, पानात दोन उभे रकाने, आणि कागद हाताला कापडासारखा. तो कागद चिंध्यांपासून केलेला असतो, हे सरांनीच सांगितलं. समासात जागोजाग शाईने काढलेले छोटे हात होते, ओळीकडे बोट दाखवणारे. शेकडो वर्षांपूर्वी कुणा वाचकाने आवडलेल्या ओळींवर ते काढले होते. सर त्या हातांवरून आपलं बोट हलकेच फिरवायचे. "बाई, हा कोण माणूस होता कुणास ठाऊक. पण याला जिथे हसू येतं तिथेच मला येतं. रोह्यात असा एक तरी भेटला का मला?" मी म्हटलं, "मी रोज सोबत येते ती?" तर म्हणाले, "तुम्ही जागा धरता. तो बोट धरतो." मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

काकूंना, म्हणजे सरांच्या पत्नीला, त्यातलं एक अक्षर वाचता येत नसे. तरी ग्रंथाला त्या 'पोथी' म्हणायच्या आणि खंडेनवमीला विळा-कोयत्याशेजारी पाटावर मांडायच्या. सरांनी एवढंच बजावलं होतं, हळदकुंकू लावायचं नाही. मग काकू नुसतं झेंडूचं फूल ठेवायच्या, तेही कागदाला पाणी लागू नये म्हणून पदराला पुसून. या जोडप्याला मूलबाळ नव्हतं. "यांचं लेकरू हाय ते," असं त्या एकदा मला सहज म्हणाल्या आणि चहाचं आधण ठेवायला आत गेल्या.

कोकणातल्या दमट हवेत कागद टिकवणं सोपं नाही. सरांनी आपल्या बापाची बियाणं राखायची रीत उचलली होती. वाळलेला कडुलिंबाचा पाला घालायचा, वर्तमानपत्रांचे पदर गुंडाळायचे, सुतळीने आवळून बांधायचं आणि पावसाआधी व पावसानंतर पदर बदलायचे. ग्रंथ नेहमी कपाटात असे. पण ते निवृत्त झाले त्यानंतरच्या उन्हाळ्यात कपाटाला वाळवी लागली. दुसऱ्याच दिवशी मोतीबिंदूच्या ऑपरेशनला पनवेलला जायचं होतं. सरांनी गडबडीत गठ्ठा माळ्यावर टाकला. माळ्यावर वर्षभराच्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे होते. तेही सरांनीच बांधलेले, त्याच सुतळीने.

त्या घरातली रद्दी कधी विकली जात नसे. काकूंचं माहेर जोह्याचं. त्यांचा भाऊ शिवा तिथे कागदाच्या लगद्याचे गणपती करतो. बहिणीने वर्षाची रद्दी पाठवायची आणि भावाने गणपती द्यायचा, हा त्यांचा ठरलेला रिवाज होता. सर दवाखान्यात असताना शिवाचा टेम्पो आला. काकूंनी माळा रिकामा करून दिला. पोथी कपाटातून हलली आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

डोळ्यांवरचा काळा चष्मा सुटेपर्यंत आणि पुढे महिनाभर सरांना वाचायची बंदी होती. पावसाच्या तोंडावर ते पदर बदलायला माळ्यावर चढले. सकाळी सकाळी माझा फोन वाजला. "बाई, जरा जोह्याला येता का माझ्यासोबत?" बाकी काही नाही. आवाज अगदी साधा होता.

शिवाच्या कारखान्यात कच्च्या मूर्ती ओळीने वाळत होत्या, अजून रंग न चढलेल्या. भावोजी आले म्हणून शिवाने खुर्ची पुसली, सरबत मागवलं. सर बसलेच नाहीत. त्यांनी काही विचारायच्या आधीच शिवा आनंदाने सांगू लागला, "भावोजी, या टायमाला ताईनं काय कागद पाठवला वो! एका गठ्ठ्यात जुनी सुटी पानं व्हती. दोन दिस भिजवली तरी इरघळंनात. कुटून कुटून हात गेलं. पर लगदा असा चिवट झाला, साच्यातून मूर्ती काढली तर कान नाय तुटला एकाचा."

"कुठल्या मूर्तींत गेला तो?" सरांनी विचारलं.

"आता कसं सांगू? समदा एका पिंपातच कालवला."

सर त्या ओळीपुढून सावकाश चालत गेले. एका मूर्तीच्या सोंडेवरून त्यांनी बोट फिरवलं. मला वाटलं, आता हा माणूस खाली बसेल. ते वळले आणि शिवाला म्हणाले, "छान झाल्यात रे. हात चांगला बसलाय तुझा."

जोह्याच्या स्टॉपवर एसटीची वाट बघताना मी रडत होते आणि ते माझी समजूत काढत होते. "कवी काही गेला नाही बाई. तो कुठल्याही दुकानात मिळतो." मग आपल्या बोटाकडे बघत म्हणाले, "समासातला तो गेला. त्याची दुसरी प्रत नाही." पेणची गाडी आली, तशी माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिला सांगायचं नाही. कधीच नाही. गठ्ठे बांधले मी, सांगायचं विसरलो मी. ती आयुष्यभर स्वतःला खात बसेल."

पुढच्या आठवड्यात सर एक जड पिशवी घेऊन मुंबईला गेले. पिशवीत कॉलेजची जुनी पाठ्यपुस्तकं होती. संध्याकाळी परत येऊन त्यांनी घरी सांगितलं, पोथी ग्रंथालयाला दिली. काकू त्यांच्यावर भडकल्या. जाण्याआधी एक फूल तरी ठेवू द्यायचं होतं, लेक सासरी पाठवताना ओटी नाही भरत का, म्हणून दोन दिवस त्या बोलल्या नाहीत. सरांनी तेही सोसलं.

त्यानंतर सरांचं कवीच्या ओळी मोठ्याने म्हणणं थांबलं. मी रविवारी गडबला जायची, तेव्हा ते भाताविषयी बोलायचे आणि तिथेच थांबायचे. मी मुद्दाम चुकीचे उच्चार करून बघितले. ते हसायचे, पण दुरुस्त करायचे नाहीत. तिसऱ्या वर्षी, कापणीच्या दिवसांत, दुपारी ओटीवर आडवे झाले ते उठलेच नाहीत. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू सांगत होत्या, "पोथी मुंबईत हाय त्यांची. काचंत ठेवलीय."

वर्षश्राद्ध झालं आणि काकू माझ्या मागे लागल्या. "एकदा नेऊन दाखव गो मला. त्यांचा हात लागलेली तेवढीच एक वस्तू राह्यलीय." मी आधी टाळलं, मग मला टाळवेना. त्या ग्रंथालयात काचेच्या पेट्यांत जुने ग्रंथ मांडलेले असतात, हे मला माहीत होतं. त्यातला एखादा दाखवायचा आणि नमस्कार करवून आणायचं, एवढंच मी ठरवलं. काकूंनी पोह्याच्या पापडांचं पुडकं बांधून घेतलं. जे लोक पोथी सांभाळतात, त्यांच्याकडे रिकाम्या हाताने कसं जायचं, असं त्यांचं म्हणणं.

एका पेटीत जाड काळ्या अक्षरांचा, दोन रकान्यांचा ग्रंथ उघडा होता. मी बोट दाखवलं. काकूंनी चपला बाजूला काढल्या, पदर डोक्यावर घेतला आणि काचेजवळ वाकल्या. नमस्काराला जोडलेले हात त्यांनी तसेच धरून ठेवले. कितीतरी वेळ बघत होत्या.

"ही नाय," त्या म्हणाल्या.

मी म्हणाले, काचेतून वेगळी दिसते.

"फूल ठेवायला मी दरसाल उघडायची ना गो. कडंला हात काढलेलं व्हतं. इथं कुठं हात हाय?"  त्यांनी चपला पायात घातल्या. पापडांचं पुडकं मात्र त्यांनी टेबलाशी बसलेल्या बाईंच्या हाती दिलं आणि तेलात हलके तळा म्हणून सांगितलं.

परतीच्या एसटीत त्या खिडकीशी बसल्या. पनवेल गेलं, खारपाडा गेला. हमरापूरचा फाटा आला आणि जोह्याकडचा रस्ता दिसला, तशी त्यांची मान तिकडे वळली आणि वळलेलीच राहिली.

"एक गठ्ठा जड लागला व्हता मला," त्या म्हणाल्या. "मीच उचलून दिला शिवाला."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो धरू दिला.

"त्यांना ठाव व्हतं?"

मी हो म्हणून मान हलवली.

मग पेण येईपर्यंत काकू पदर तोंडाशी धरून बसल्या होत्या. गाडी रामवाडीला थांबली तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हणून त्या वर्षी त्यांनी इसर्जनाला कुणाला हात लावू दिला नाय. गुडघ्यात जोर नव्हता, तरी शिवानं दिलेली मूर्ती पोटाशी धरून एकटं तळ्यात उतरलं. छातीभर पाण्यात गेलं तरी सोडीनात. मी काठावरनं वरडत व्हते, सोडा आता, सोडा."