दाजींनी टायर निवडले

आमच्या दाजींसारखा पारखी माणूस उभ्या कोल्हापुरात झाला नाही, आणि पारख करता करता एवढा वेळ घालवणाराही दुसरा कुणी झाला नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा, अक्काचा नवरा. वांगी घ्यायला गेले तर मंडई उठेपर्यंत वांगीच निवडत. चप्पल घेताना कातडं नाकाला लावून जनावर कुठल्या गावचं ते सांगत. खरं-खोटं कोण तपासणार? लग्नाआधी अक्काला बघायला तीनदा आले होते. ती पुढं म्हणायची, "तिसऱ्यांदा आलं तवा दात मोजलं न्हाईत, एवढंच."

संस्थान विलीन झालं तेव्हा एका सरदाराने विकायला काढलेली दोन माणसांची उघडी गाडी दाजींनी घेतली. पळायला जोरदार, पण इतकी हलकी की चार जणांनी उचलून अंगणात फिरवावी. टायर मात्र पार गुळगुळीत झालेले. आमचं माहेर आजऱ्याला. अक्काला त्या गाडीतून एकदा आईच्या दारात उतरायचं होतं, कारण आई गावभर सांगायची, "जावयाची गाडी हाय खरी, पर ती अंगणातच चालती." दाजी म्हणाले, "नवं टायर घालतो, मग जाऊ."

तिथंच सगळं अडलं. शाहूपुरीतल्या दुकानात ते टायर अंगठ्याने दाबत, नखाने टोकरत, वास घेत. दुकानदार एकदा कंटाळून म्हणाला, "पावणं, टायर घेताय का म्हस?" दाजी शांतपणे म्हणाले, "म्हस वळणावर जोरात न्ह्यायची नसती." जड टायर नको, हलक्या पैलवानाच्या पायात धोंडा बांधल्यागत होतं. कडक रबर टिकतं, पण ओल्या वळणावर सुटतं. मऊ रबर रस्ता धरतं, पण लवकर झिजतं. मला तळहात दाखवून सांगत, "गाडी एवढ्याशा चार जागांवर उभी असती बघ. बाकी सगळी हवेत." बोलणं खोटं नव्हतं. पण दुकानात नवा माल आला की त्यांना त्याच्या पुढच्या मालाची वाट बघावीशी वाटे. अक्का म्हणायची, "हळू जाऊ की." ते म्हणायचे, "बायको शेजारी बसवून असल्या टायरवर घाट चढू? येड लागलंय व्हय मला?" म्हणजे काळजीच होती. त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

आई गेल्याची तार आली तेव्हा आम्ही एसटीने गेलो. दाजी वाटभर खिडकीतून नुसती वळणं बघत होते.

परत आल्यावर त्यांनी लगेच टायर घातले. मऊ रबराचे, मुंबईहून मागवलेले. मी एकदा त्यांच्याबरोबर पन्हाळ्याला गेले. चढाच्या वळणांवर गाडी तसूभर सरकली नाही. टायर निवडण्यात दाजींचं काहीच चुकलं नव्हतं, हे मला मान्य करावं लागतं.

अक्का मात्र बसली नाही. मी म्हटलं, "बस की एकदा." ती म्हणाली, "कुणाला दावाय?" रागाने नाही, सरळच म्हणाली.

पुढं दर रविवारी दाजी गाडी दारात आणून चालू करायचे, डावीकडचं दार उघडायचे आणि थोडा वेळ थांबायचे. आतून भाकरी थापल्याचा आवाज येत राहायचा. मग ते हलक्या हाताने दार लावायचे आणि एकटेच निघायचे. गाडी फार हळू चालवायचे.