हेमसिंगकाका आणि चारबोट्या

हेमसिंगकाकांना आता मी काका म्हणते. त्या वेळी अनसिंगच्या बाजारात त्यांना कोणी काका म्हणत नव्हतं, आमच्या घरात तर नाहीच. खेमचंद कापडवाल्यांची मी तेरा वर्षांची अंगुरी, बापाच्या वयाच्या माणसाला खुशाल "ए हेमसिंग, गठ्ठा इकडे ठेव" म्हणायची. ते बंजाऱ्यांच्या तांड्यावरून यायचे आणि मोटारस्टँडवर उतरलेला माल पाठीवर घेऊन दुकानोदुकानी पोचवायचे. उजव्या हाताला चारच बोटं. करंगळी कापसाच्या जिनिंगमध्ये गेली होती. कोणी विचारलं तर हसून म्हणायचे, "सरकीसंगं गेली."

त्याच मालात दर महिन्याला माझं पुस्तक यायचं. पंचावन्न साल असेल. गुप्तहेर भैरव सरदेसाईची रहस्यमाला, महिन्याला एक भाग. भैरव शूर होता, देखणा होता, सगळं मान्य; पण आम्ही पोरी जीव टाकायचो तो चारबोट्यावर. चारबोट्या म्हणजे खुनी, दरोडेखोर. जाईल तिथं भिंतीवर चार बोटांचा काळा ठसा. तिसऱ्या-चौथ्या पानावर ठसा उमटणार आणि शेवटच्या पानावर चारबोट्या निसटणार, हे आम्हाला पाठ होतं. तरी ठसा आला की अंगावर काटा यायचा. तेच पुन्हा घडावं म्हणून तर आम्ही महिनाभर वाट पाहायचो!

एका बाजाराच्या दिवशी काकांनी गठ्ठा टेकवला आणि आमच्या पांढऱ्या भिंतीवर त्यांच्या मळक्या हाताचा पंजा उठला. मी किंचाळले, "अगं बाई, चारबोट्या आला!" झालं. पोट्ट्यांना तेवढंच पुरलं. आठ दिवसांत अख्खा बाजार त्यांना चारबोट्या म्हणू लागला. मला काय मज्जा वाटली म्हणून सांगू! जळो ती मज्जा. त्या काळी गावात कोंबडी हरवली तरी पहिला संशय तांड्यावर जायचा, हे मला चांगलं ठाऊक होतं. आणि तांड्यावरच्या माणसाला मी खुन्याचं नाव चिकटवलं.

पुढच्या महिन्यात पुस्तकाचं पुडकं घेऊन ते ओट्यावर टेकले. "माय, हा चारबोट्या कोन व्हय? समदे मले काहून त्याच्या नावानं बलावतात? वाचून दाखव बरं."

मी पुडकं सोडलं. खरं वाचलं तर हे बाबांना सांगतील आणि माझी पुस्तकं बंद होतील, एवढंच डोक्यात आलं. मग मी वाचता वाचता दोन नावांची अदलाबदल केली. भैरव असेल तिथं चारबोट्या म्हटलं, चारबोट्या असेल तिथं भैरव. ठसा? ती चारबोट्याची खूण, राखणदार येऊन गेला हे गरिबाला कळावं म्हणून. काका डोळे मिटून ऐकत होते. शेवटी भैरव निसटला तेव्हा मांडीवर थाप मारून म्हणाले, "पुढच्या खेपेले धरतेच तो त्याले!"

बस, त्यांनाही माझ्यासारखीच चटक लागली. दर महिन्याला पुडकं आणून द्यायचे आणि हलायचेच नाहीत. ऐकलेलं सगळं तांड्यावर जाऊन सांगायचे. बाजारात कोणी चारबोट्या म्हणून हाक मारली की आता छाती काढून "ओ" द्यायचे. मी त्यांना सुखी केलं असं मी स्वतःला सांगत होते. किती लबाड पोरगी होते मी!

असे सतरा भाग वाचून झाले आणि एक दिवस ते म्हणाले, "पोहरादेवीच्या जत्रेले जाऊन राह्यलो. ते नाव हातावर गोंदून घेतो. कागदावर लिहून दे."

तेव्हा तरी तोंड उघडायचं होतं. पेन्सिल माझ्या हातात, ते समोर, दुकानात तिसरं माणूस नाही. एक वाक्य पुरलं असतं. नाही उघडलं. शाळेत माझ्या अक्षराचं कौतुक व्हायचं. तसल्याच वळणदार अक्षरात मी चारबोट्या लिहून दिलं.

जत्रेनंतर त्यांच्या लेकीची, ललिताची सोयरीक शेलूबाजारकडे ठरत होती. बैठकीत मुलाचा मामा होता, शाळामास्तर. त्यानं काकांच्या मनगटावरचं नाव वाचलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अहो, खुन्याचं नाव कोनी गोंदते काय?" मग त्यानं रहस्यमालेची सगळी गोष्टच सांगितली. बैठक हसून हसून लोळली. सोयरीक मोडली नाही, पण काका जेवले नाहीत, हात धोतराच्या सोग्याखाली दडवून बसून राहिले. हे त्यांच्याबरोबर गेलेल्या धनसिंगनं आमच्या दुकानात येऊन सांगितलं. मी कपाटाआड उभी राहून ऐकलं आणि तिथंच मला रडू फुटलं.

पुढच्या बाजाराला हेमसिंगकाका आले. शिव्या देतील, बाबांना सांगतील, पुस्तकं फाडतील असं वाटलं. तसं झालं असतं तर मी सुटले असते. त्यांनी नव्या भागाचं पुडकं खाली ठेवलं आणि नेहमीच्या जागी बसले.

"मले वाचून दाखवला तो पह्यला भाग काढ. खरा वाच."

"काका," पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं, "चुकलं माझं. कायले वाचायचा तो? जाऊ द्या ना."

"माह्या हातावर हाय तो. मरेपर्यंत राहीन. कोन हाय, काय केलं त्यानं, मले तं माईत पाह्यजे."

मी ट्रंकेतून तो भाग काढला. दुकानात गिऱ्हाईक होतं, गल्ल्यावर बाबा होते. तिसऱ्या पानावर चारबोट्या एका आंधळ्या म्हातारीचा गळा दाबून तिच्या पाटल्या काढून घेतो. मी पुटपुटत वाचू लागले. शरमेनं कान भाजत होते.

"मोठ्यानं वाच, माय," काका म्हणाले. "खोटं वाचत होती तवा आवाज खनखनीत होता तुहा."

मी मोठ्यानं वाचलं. दर बाजाराला एक, असे अठरा भाग वाचले. प्रत्येक खून, प्रत्येक दरोडा, त्यांच्या तोंडावर. एकदाही ते मला थांब म्हणाले नाहीत.