तीन थरांचं सरबत

बी.ए.चा निकाल मद्रासहून आला, त्या आठवड्यात माझे शाळेतले जुने मास्तर घरी यायचे होते. "याला दुकानात बसवू नका, शिकू द्या," असं वडिलांना वर्षानुवर्षं सांगत आले ते हेच. त्यांच्यासाठी काही खास करावं, म्हणून कॉलेजच्या इंग्रज प्राध्यापकांच्या बंगल्यावर पाहिलेलं थरांचं सरबत मी करायला घेतलं. काचेच्या उंच पेल्यात तळाला पाकातला डाळिंबाचा रस, त्यावर चमच्याच्या पाठीवरून हळूच सोडलेला संत्र्याचा रस आणि सर्वांत वर शहाळ्याचं पाणी. तिन्ही रंग वेगळे राहिले.

मास्तर तिरुनागेश्वरम्‌च्या देवळात दर्शन घेऊन आले आणि ओट्यावर बसले. मी पेला घेऊन निघालो तशी आई हळूच म्हणाली, "शहाण्या, ते कुणाच्या भांड्याला ओठ लावत नाहीत. वरून ओतून पितात. एवढ्या रुंद तोंडाच्या पेल्यातून सगळं त्यांच्या उपरण्यावर जाईल."

पण मास्तरांनी पेला पाहिला होता. तो परत नेणं शोभलं नसतं.

त्यांनी मान मागे टाकली, पेला वीतभर उंच धरला आणि अगदी सावकाश कलता केला. आधी शहाळ्याचं पाणी आलं, मग संत्र्याचा रस. लाल धार सुरू झाली तेव्हा मी दुसरीकडे पाहिलं.

पेला खाली आला. उपरणं पांढरंच होतं.

"तिघे जण रांगेनं आत आले की रे," ते तमिळमध्ये म्हणाले. "तू बी.ए. झालास की स्वयंपाकी?"

"दोन्ही, मास्तर," आई दारातून म्हणाली.

मग मी त्यांच्या पाया पडलो.