निळा नळ सोडा

माझी मावशी बावीस वर्षं समुद्रकाठच्या एका अठरा खोल्यांच्या हॉटेलात काउंटरवर बसते. पाहुण्यांसाठी प्रत्येक खोलीत तिच्या हातचं एक कार्ड असतं. हंगाम संपून हॉटेल रिकामं झालं की ती एकेक दिवस एकेका खोलीत मुक्काम ठोकते. नळ सोडते, खिडक्या उघडते, पलंगावर लोळून बघते आणि मग लिहिते. "खोली पाचमधून समुद्र दिसतो, पण पलंगावर उभं राहिल्यावर. पलंग मजबूत आहे." "चौदामध्ये टॉवेलला दोन चिमटे लावा. एकाचा उडून शेजारच्या हॉटेलात गेला, त्यांनी परत दिला नाही."

मालक गेले आणि धाकटे मालक आले. त्यांना ही कार्डं म्हणजे पोरखेळ वाटला. सगळ्या खोल्यांत एकच छापील कागद, चौकटीत घालून. किल्ल्या दाराशी, आकडे दाबून उघडायच्या पेटीत. मग काउंटरवर बाई कशाला हवी? महिनाअखेर मावशीने घरी बसावं असं ठरलं.

आणि तो कागद छापायची ऑर्डर कोणी घेतली? मीच. माझं छपाईचं दुकान आहे. बेशरमासारखा मी तिच्याचकडे गेलो आणि म्हणालो, "मावशी, नमुन्याला एक कार्ड दे ना." तिने पिशवीतून एक काढून दिलं, माझ्याकडे जरा वेळ बघितलं आणि वाटाणे सोलत बसली. मी ते शब्दन् शब्द उतरवलं, कोपऱ्यात मासा काढला आणि अठरा प्रती दिल्या. धाकट्या मालकांनी वाचून छान म्हटलं. त्यांनी त्या हॉटेलात कधी अंघोळ केलेली नव्हती.

मावशीच्या शेवटच्या दिवशी सकाळी दहाला धाकट्या मालकांचा फोन आला. आवाज असा की मी चहा अर्धा टाकून धावलो. खाली काउंटरपुढे पाहुण्यांची रांग, निम्मे टॉवेल गुंडाळून. आदल्या रात्रीच खोल्यांत लावलेल्या माझ्या कागदावर लिहिलं होतं, "गरम पाण्यासाठी निळा नळ सोडा, लालवर विश्वास ठेवू नका." सगळे इमानेइतबारे निळ्या नळाखाली कुडकुडत उभे राहिले होते. शिवाय लिहिलं होतं, "चहाचा वास आला की नाश्त्याला खाली या." वरच्या मजल्यावरचे दहा वाजेपर्यंत खिडकीत नाक लावून बसले होते.

मावशी मात्र शांतपणे एकेकाला वाटेला लावत होती. "सात ना? लाल सोडा आणि चाळीस अंक मोजा. बारा? तुमचा नळ आधी खोकेल, घाबरू नका." समोर कागदाचा कपटाही नव्हता. धाकटे मालक बाजूला उभे राहून ऐकत होते. रांग संपली तेव्हा ते खालच्या आवाजात म्हणाले, "बाई, ती जुनी कार्डं कुठे आहेत?"

"पिशवीत. खोल्यांतून मीच काढून घेतली."

"परत लावाल? आणि उद्यापासून… नेहमीसारख्या याल ना?"

"येईन. पण ही माशाची चित्रं उतरवा आधी."

संध्याकाळी मी तिच्या स्वयंपाकघरात गेलो. तीन नंबरच्या खोलीत प्लंबरने नळ उलटे जोडलेत आणि ती एकटीच खोली मुदपाकखान्याच्या वर आहे, म्हणून चहाचा वास तिथेच येतो, हे मला तोवर कळलं होतं.

"मावशी, खरं सांग. तीनचंच कार्ड मुद्दाम दिलंस ना?"

"हाताला लागलं ते दिलं. आकडा मागच्या बाजूला होता, तू उलटून पाहिलं नाहीस." तिने वाटाण्यांचं ताट माझ्यापुढे सरकवलं. "मला वाटलं, कुठल्या खोलीचं म्हणून तरी विचारशील. म्हणजे मला सांगता आलं असतं की प्रत्येक खोली वेगळी असते. तू छापेपर्यंत दोन दिवस वाट बघितली रे."

मला फार लाज वाटली. मी खाली बसलो आणि शेंगा सोलता सोलता म्हणालो, "एक नंबरपासून सांग."

तिने सांगायला सुरुवात केली. अठराव्या खोलीपर्यंत पोचलो तेव्हा वाटाणे केव्हाच संपले होते.