नेमूच्या सॅकमधला स्टोव्ह

आमची पोस्ट अठरा हजार फुटांच्या वर होती. नऊ जण, फायबरच्या दोन झोपड्या आणि एक रेडिओ सेट. मी तेव्हा नाईक होतो, शिराळ्याजवळच्या एका गावचा. माझ्या हाताखाली लान्स नाईक नेमगोंडा पाटील होता. सांगलीकडच्या जैन शेतकरी घरातला. आम्ही सगळे त्याला नेमू म्हणायचो. पोस्टवरचा स्टोव्ह तोच सांभाळायचा.

सकाळी पाचला स्टोव्ह पेटायचा. आधी काकड्यानं बर्नर तापवायचा, मग पंप मारायचा, मग पिन. भांडंभर बर्फ वितळला की जेमतेम तांब्याभर पाणी व्हायचं. चहा, डाळ, भात, सगळं त्यावर. इकडे लोकांना वाटतं, सैनिकाला सगळ्यात जास्त काळजी रायफलची. आम्हाला स्टोव्हची होती.

इतक्या उंचीवर माणूस जागेपणीही थोडा झोपेत असतो. बोलता बोलता थांबतो, आणि आपण थांबलोय हे त्याला कळत नाही. दुपारी बर्फावर ऊन आलं की आभाळ कुठं संपतं आणि जमीन कुठं सुरू होते, ते दिसायचं नाही. नेमू भांड्यातल्या वाफेकडे बघत बसायचा.

"उस्ताद, काहिलीचा वास येतोय."

गुऱ्हाळात रस आटतो, त्या काहिलीचा. मीही हुंगून बघायचो. खरंच यायचा.

फेब्रुवारीत हुकूम आला. चार जणांनी पुढच्या टेहळणीच्या जागी जायचं, तिथं राहायचं आणि पाचव्या दिवशी परत यायचं. मी, नेमू, शिपाई दत्ता आणि रेडिओ ऑपरेटर शिंदे. गस्तीच्या तुकडीचा कमांडर मी. काय न्यायचं, काय ठेवायचं, हे मी ठरवायचं होतं.

पोस्टवरचा मोठा सोडून नेण्याजोगे स्टोव्ह दोन होते. एक जुना, पितळी, रॉकेलचा. त्याच्याबरोबर रॉकेलचा कॅनही उचलावा लागे. दुसरा नुकताच आलेला, गॅसच्या डब्यावर बसणारा, मुठीत मावेल एवढा. तिथं एक-एक किलो छातीत जाणवतो. मी नवा उचलला.

नेमू म्हणाला, "उस्ताद, जुना घिऊया. ह्यो गॅस थंडीत झोपतोय."

"डबे स्लीपिंग बॅगेत ठेवू. वजन कमी पाहिजे."

"व्हय उस्ताद."

त्यानं वाद घातला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला आम्ही निघालो.

दोन दिवस सगळं ठीक होतं. तिसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास वारा सुटला आणि तंबूच्या बाहेर फक्त पांढरं उरलं. गॅसची ज्योत आक्रसत गेली. अकरा चाळीसला विझली. डबा हलवला तर आत गॅस डुचमळत होता, पण वर येत नव्हता. आम्ही डबे काखेत धरून गरम केले. दोन मिनिटं ज्योत यायची, परत जायची. तासाभरात अर्धा मग पाणी झालं, ते दत्ताला पाजलं. त्याची जीभ जड झाली होती. तो मला त्याच्या चुलत्याच्या नावानं हाक मारत होता.

मी रेडिओवर वेदर विचारलं. उत्तर आलं, "दोन दिवस असंच. जागा सोडू नका. ओव्हर."

पाण्याशिवाय दोन दिवस. मी हिशेब केला आणि कुणाला सांगितला नाही.

तेव्हा नेमूनं आपली सॅक ओढली. लोकरीच्या मोज्यांमधून एकेक भाग काढून त्यानं माझ्यासमोर मांडला. टाकी, बर्नर, तीन पाय. शेवटी रॉकेलचा कॅन.

"हा कधी घेतलास?"

"निघतानाच."

"मी नको म्हटलं होतं."

"तुमी तुमच्या सॅकमधी नको म्हनला हुता उस्ताद."

एकच्या सुमारास काकडा पेटला. पंप मारल्यावर बर्नर घोंघावू लागला. त्यापुढचे दोन दिवस मला नीट क्रमानं आठवत नाहीत. तंबूच्या कापडातून दुधासारखा उजेड झिरपायचा. सकाळ आहे की दुपार, ते घड्याळात बघूनच कळायचं. धुरासाठी दाराची चेन वीतभर उघडी ठेवलेली असायची आणि तिथून बर्फाची भुकटी हळूहळू आत यायची. शिंदे त्याच्या गावच्या आमराईबद्दल बोलायचा. मला वारणेचं पाणी दिसायचं, संथ, हिरवं, आणि मी काठावर पाय सोडून बसलेला. त्या घोंघाटात आम्ही चौघं कुठंतरी वाहत चाललो होतो आणि भीती वाटत नव्हती. नेमू मग भरायचा. आधी दत्ता, मग शिंदे, मग मी. स्वतः शेवटी घ्यायचा. तो खोकत होता. ते माझ्या उशिरा ध्यानात आलं.

पाचव्या दिवशी सकाळी सातला आभाळ उघडलं. दत्ता उठून बसला. नेमूला उठता आलं नाही. त्याच्या ओठांवर गुलाबी फेस होता.

"एक कॅज्युअल्टी. छातीत पाणी झालंय. हेलिकॉप्टर पाहिजे. ओव्हर."

"खाली ढग आहेत. हेलिकॉप्टर उडणार नाही. पायी खाली आणा. ओव्हर."

साडेसातला निघालो. सामान तिथंच टाकलं. त्याला आळीपाळीनं पाठीवर घेऊन उतरलो. दोन वाजून दहा मिनिटांनी तो गेला. तेव्हा पोस्ट समोर दिसत होती.

डॉक्टरसाहेब नंतर म्हणाले, असं कुणालाही होतं, पाठीवरच्या ओझ्याचंच कारण असेल असं नाही. रिपोर्टमध्ये मी खराब हवामान लिहिलं. जादा स्टोव्हचं लिहिलं नाही. त्याच्या घरीही बोललो नाही.

आता आम्ही तिघं रिटायर आहोत. दर फेब्रुवारीत त्या दिवशी नेमूच्या भावाच्या, भरतअण्णांच्या शेतात जमतो आणि बांधावरच पिठलं-भाकरी करून दिवस मावळायच्या आत जेवतो. इतकी वर्षं अण्णांचा रॉकेलचा स्टोव्ह होता. यंदा त्यांचा फोन आला.

"आवं, रॉकेल कुटंच मिळंना झालंय. चूल मांडावी तर भोवतीनं उसाचं पाचट वाळलंय, ठिणगी उडाली तर फड जाईल. क्यांपचा एखादा स्टोव्ह तुमीच बघा."

मलकापुरातल्या एका दुकानात गेलो. विक्रेत्यानं गॅसचे चार-पाच मांडले. त्यातला सगळ्यात हलका माझ्या तळहातावर ठेवला. मी तो धरून किती वेळ उभा होतो कोण जाणे. त्यानं खुर्ची आणून दिली.

"कुठं न्यायचाय काका?"

"उसाच्या रानात."

"मग गॅसचाच घ्या. इथल्या हवेत काही अडचण नाही."

बरोबर बोलत होता. आधी जागा विचारायची, मग स्टोव्ह ठरवायचा. हे नेमूला माहीत होतं. मी रुंद बुडाचा, वारा अडवायला पत्रा असलेला गॅसचा स्टोव्ह घेतला.

शेतात तो पहिल्याच फटक्यात पेटला. आक्का, नेमूची आई, बांधावर पोतं टाकून बसली होती. पिठलं शिजत असताना मी तिच्यासमोर बसलो आणि सगळं सांगितलं. दोन स्टोव्ह, मी कुठला निवडला, त्यानं कुठला उचलला. दत्ता आणि शिंदे मातीकडे बघत होते. अण्णांनी गॅस बारीक केला.

आक्कानं पोत्याची कड सारखी केली. मग विचारलं, "जीव जाताना त्यो कुनाजवळ हुता?"

"माझ्या पाठीवर. पाळी माझी होती."

ती हाताचा टेका घेऊन उठली आणि माझ्या मागं येऊन उभी राहिली. तिनं तळहात माझ्या पाठीवर ठेवला, दोन्ही खांद्यांच्या मधोमध, आणि तसाच राहू दिला. ऊस सळसळत होता.

"लय जड हुता का रं?"

"न्हाई आक्का."

लान्स नाईक नेमगोंडा पाटील. वय सव्वीस. दुपारी दोन वाजून दहा मिनिटं.