नाव सांग, गाव सांग

बापू गेल्याचं मला चार दिवस उशिरा कळलं. जहाज बंदराला लागलं, फोनला रेंज आली आणि त्यांच्या सुनेचा, म्हणजे आमच्या वहिनींचा आवाज आला, "बापू गेलं रं. सकाळचा चा घेतला आन् खुर्चीतच मान टाकली." शंभरीला दोन कमी होती. मी डेकवर रंगाचा डबा धरून उभा होतो. रडू आलं नाही, भीती वाटली… का, ते सांगायचंय म्हणून लिहितोय.

मंगळवार पेठेत आमची खोली त्यांच्या घराला लागून. दहावी कशीबशी काढून मी शाळा सोडली आणि गॅरेजच्या दारात बसून राहायला लागलो, तेव्हा बापूंनीच मला खलाशाच्या ट्रेनिंगला घातलं. आई म्हणाली, "पोराला पाण्यात ढकलताय व्हय?" ते म्हणाले, "हितं बसून गंजतंय की ते. तिथं निदान गंज काढायला शिकंल." आज आमच्या घरात जे काही बरं चाललंय, ते त्या एका वाक्यावर उभं आहे.

बापूंना एक खोड होती. दारात कोणीही आलं की, "नाव सांग. गाव सांग." दूधवाल्याला, नातवाला, सगळ्यांना. पेठ हसायची. वहिनी म्हणायच्या, "चाळीस वर्सं झाली ह्या घरात, अजून माझं म्हायार इचारत्यात." शेवटी शेवटी विसरायला लागलेत म्हणून डॉक्टरांनाही दाखवून आणलं.

त्यामागची हकिकत त्यांनी मला एकदाच सांगितली, मी पहिल्यांदा निघालो त्याच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या महायुद्धात, सतराव्या वर्षी, ते एका इंग्रजी मालबोटीच्या भट्टीत कोळसा टाकायला होते. भर समुद्रात दुसरी मालबोट जवळ आली. ओळखीचं निशाण, दोरीवर वाळत घातलेले कपडे. हाकेच्या अंतरावर आल्यावर तिच्या कुशीच्या फळ्या खाली पडल्या आणि आतून तोफा दिसल्या. जर्मनांची सोंग घेतलेली बोट. नाव खोटं, रंगही खोटा. त्यांनी बापूंची बोट बुडवली, माणसं आपल्या बोटीच्या तळात कोंडली. काही दिवसांनी इंग्रजांची लढाऊ बोट तिला तपासायला आली, सोंग उघडं पडलं आणि दोन्हीकडून तोफा सुरू झाल्या.

"सोडवायला आल्याले, त्यांचंच गोळं आमच्या अंगावर," बापू म्हणाले. "त्यास्नी काय म्हाईत, खाली आमी हाय?"

दिवे गेले, पाणी घोट्यापर्यंत चढलं. तेव्हा रत्नागिरीकडच्या एका म्हाताऱ्या खलाशानं अंधारात ओरडून स्वतःचं नाव-गाव सांगितलं. मग शेजारच्यानं. असं ओळीनं सगळ्यांनी, आणि पुन्हा पहिल्यापासून. ज्याचा आवाज यायचा नाही, त्याच्या जागी एक श्वास थांबायचं आणि पुढं जायचं. गोळ्यानं तळावरचं झाकण फुटलं, तिथून पाण्यात पडले आणि वाचले, ते निम्मेच.

फोनवरही बापू आधी तेच विचारायचे. शेवटच्या फोनला मी भ्यालेलो होतो. आम्हाला पुढं समुद्राच्या ज्या पट्ट्यातून जायचं होतं, तिथं जहाजांवर क्षेपणास्त्रं पडत होती.

"नाव सांग. गाव सांग."

"बापू, मीच की. आवाज वळखत न्हाईसा व्हय?"

"वळखतोय. तरी सांग."

मी वैतागून गप्प राहिलो. तेवढ्यात रेंज गेली… सांगायचं राहूनच गेलं.

वहिनींचा निरोप ऐकताना माझ्या हातात होता तो राखाडी रंग जहाजाचं नाव झाकायला होता. क्षेपणास्त्रं टाकणाऱ्यांना जहाज ओळखू येऊ नये म्हणून मालकांचा तसा हुकूम आला होता. चार वर्षं जी अक्षरं मी उजळवत आलो, ती मीच पुसली. आता लांबून बघणाऱ्याला आम्ही कोण? त्याला काय माहीत, खाली आम्ही आहोत?

बंदर सोडल्यावर तिसऱ्या दिवशी भर दुपारी धोक्याचा भोंगा झाला. आम्ही एकवीस जण जहाजावरच्या सगळ्यात सुरक्षित जागी, सुकाणूच्या यंत्राच्या खोलीत शिरलो, जाड दार आतून लावलं. एकदा सगळं लोखंड हादरलं आणि दिवा गेला. स्फोट लांब पाण्यात झाला होता हे नंतर कळलं.

त्या अंधारात मी ओरडलो, "दत्ता. मंगळवार पेठ, कोल्हापूर."

कोणीतरी घाबरून हसलं. मग केरळच्या स्वयंपाक्यानं त्याचं नाव-गाव सांगितलं. मग इंजिनाला तेलपाणी करणाऱ्या मनिलाच्या ऑयलरनं. आवाज अंधारात फिरत एकविसाव्यापर्यंत गेला आणि परत माझ्याकडं आला.

बापूंच्या जागी मी एक श्वास थांबलो. मग पुन्हा सांगितलं, नाव आणि गाव.