हळद लागलेली पट्टी

बायको जाऊन चार महिने झाले. सून म्हणते, बाबा, काहीतरी लिहीत बसा, मन रमेल. मन रमवायला मी लिहीत नाही. तिला एक गोष्ट सांगायची राहून गेली, ती कुठेतरी ठेवावी म्हणून लिहितो. शाळा माझी तिसरीपर्यंत. तेव्हा अक्षराला कोणी हसू नये.

आमचं घर शिपाईगड्यांचं. दख्खनेतून इकडे उत्तरेत कधी आलो ते कोणाला धड माहीत नाही, पण लष्करात पिढ्यान्‌पिढ्या राहिलो. वडील महाराजांच्या रिसाल्यात होते. भिंतीवर त्यांची तलवार असायची. मी त्याच फौजेत स्ट्रेचर उचलायचो. जखमी पडला की दोघांनी पळत जायचं, त्याला स्ट्रेचरवर घालायचं आणि मागे आणायचं. हातात हत्यार नाही. दंडाला पांढरी पट्टी, तिच्यावर लाल फुली. गल्लीतले लोक मला कहार म्हणायचे, म्हणजे डोली वाहणारा भोई. "काय कहार, आज कोणाची डोली?" वडील ऐकायचे आणि दुसरीकडे बघायचे. हसले असते तर बरं वाटलं असतं.

मग संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. राजधानी काही महिने आमच्याकडे, काही महिने इंदूरला, अशी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडत होती. बाड्यावर, म्हणजे आमच्या शहरातल्या मोठ्या चौकात, लोक मोठमोठ्या गोष्टी बोलायचे. आमच्या फौजी लाइनीत एकच बोलणं होतं, मला ठेवतात की काढतात. महाराजांची फौज आता हिंदुस्थानच्या फौजेत मिळणार होती, आणि सगळे मिळणार नव्हते. बाहेरून साहेब येणार, एकेकाला उभं करून पारखणार.

त्यासाठी एक हवालदार आम्हाला रोज दुपारी लिंबाखाली बसवून शिकवायचा. म्हणायचा, लढाईलाही कायदा आहे. आम्ही हसलो. तो हसला नाही. ज्यानं हात वर केले, हत्यार टाकलं, त्याला मारायचं नाही. जो पडला त्याला मारायचं नाही. पकडलेल्याला छळायचं नाही, त्याला जेवायला घालायचं, घरी पत्र लिहू द्यायचं. जो लढत नाही, शेतात आहे, चुलीपाशी आहे, त्याच्यावर नेम धरायचा नाही. आणि आम्ही स्ट्रेचरवाले, आमच्यासाठी खास. जखमी आपला की त्यांचा हे बघायचं नाही. ज्याची जखम जास्त, तो आधी. म्हणूनच तुमच्या दंडावर ही फुली आहे आणि म्हणूनच तुमच्यावर कोणी गोळी झाडायची नाही.

मला पाठ होईना. बायको चौथी शिकलेली, माझ्याहून एक यत्ता वर, आणि ते ती विसरू द्यायची नाही. संध्याकाळी पोळ्या लाटताना माझ्याकडून म्हणवून घ्यायची. ऐकून ऐकून तिलाच माझ्याआधी पाठ झालं.

"दुश्मनाला जेवायला काय?" ती विचारायची.

"जे आपल्याला तेच."

"म्हणजे तुमच्या लंगरातलं वरण? मग तो छळच झाला की."

लग्नाला दीड वर्ष झालं होतं. ती हसायची तेव्हा लाटणं थांबायचं, एवढं मला अजून दिसतं.

साहेब नेमके दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी येणार होते. दसऱ्याला आमच्यात शस्त्रपूजा. वडिलांची तलवार पाटावर, झेंडूचं फूल, हळदकुंकू. मी सकाळी कामावर गेलो होतो. परत आलो तर पाटावर तलवारीच्या शेजारी माझी पट्टी ठेवलेली. हळद, कुंकू, अक्षता, वरून पाण्याचे चार थेंब. ती म्हणाली, "मामंजींचं शस्त्र पुजायचं आणि तुमचं नाही, असं कसं?"

ते शस्त्र नव्हतं. शस्त्र नाही म्हणूनच ती पट्टी होती. आणि तिला ते माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. पण वडिलांच्या तलवारीशेजारी माझं काहीतरी असावं, असं तिला वाटलं. घरात तसं वाटणारी ती एकटीच.

पट्टी पिवळी झाली होती. तिनं साबण लावला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. पांढरं कापड सगळं लालसर, फुली त्यात बुडून गेली. पाण्यात खळबळून काढली तर परत पिवळी. उन्हात दोन दिवस पडली असती तर डाग उडाला असता. दोन दिवस नव्हते. दुसरी पट्टी मागायची तर ही कुठे गेली ते सांगावं लागणार. मी तीच बांधून गेलो.

साहेबांनी दंड बघितला. म्हणाले, "होली खेलकर आए हो?" मागची रांग हसली. मग माझ्या डोळ्यांत बघून शांतपणे म्हणाले, "चलो, कोई बात नहीं, धुल जाएगी. यह बताओ, एक अपना जख्मी पड़ा है, एक दुश्मन का. पहले किसको उठाओगे?"

मला येत होतं. खोटं कशाला बोलू, झोपेतून उठवलं असतं तरी येत होतं. पण मागचं हसू कानात होतं. वाटलं, यांना दाखवावं की मी शिपायाचा पोर आहे, कहार नाही. छाती काढून म्हणालो, "अपने को, साहब."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पुढच्यापाशी गेले. चार दिवसांनी यादी लागली. माझं नाव काढलेल्यांत.

घरी आलो तेव्हा ती तव्यावर पोळी टाकत होती. माझं तोंड बघूनच तिला कळलं. उलथणं खाली ठेवून तिनं विचारलं, "पट्टीमुळे का?"

मी हो म्हणालो. आणि हात उगारला. तिनं दोन्ही हात वर केले, पंजे माझ्याकडे करून, मी तिला करून दाखवले होते अगदी तसेच. घाबरली होती, तरी कुठेतरी वाटत असेल की मी हसेन आणि हात खाली येईल. मी मारलं. एकदाच. तव्यावरची पोळी जळली.

परत कधी हात उचलला नाही. त्याचं काही मोठेपण नाही. पुढे एका इस्पितळात वॉर्डात लागलो, तिथेही स्ट्रेचरच. राजधानी भोपाळला गेली, दफ्तरं गेली, ओळखीचे लोक गेले, आम्ही इथेच राहिलो. इस्पितळात कोणी विचारायचं नाही आपला की त्यांचा. ज्याची जखम जास्त तो आधी, हे मी तीस वर्षं बिनचूक केलं. दसऱ्याला ती फक्त तलवार पुजायची. पट्टीचं कधी बोलली नाही, मीही नाही.

शेवटी ती महिनाभर अंथरुणाला होती. मी वाटीतून पेज भरवायचो. एका दुपारी तोंड पुसताना माझा हात थोडा जोरात लागला. तिनं दोन्ही पंजे चादरीवरून जरासे वर केले. पुरते वर जाईनात. हसली. मग म्हणाली, "माझ्या हळदीनं तुमची फौज गेली हो."

पन्नासाहून जास्त वर्षं ती हे घेऊन बसली होती. आणि मी बसू दिलं होतं. समोर वाटी, चमचा, ती, मी. घरात दुसरं कोणी नव्हतं. सांगायला एवढी जागा पुन्हा कधी मिळणार होती?

मी म्हणालो, "बोलू नकोस, खा."

तिनं दोन चमचे खाल्ले. नवव्या दिवशी गेली.

हळदीनं काही गेलं नव्हतं गं. साहेबांनी हळद माफ केली होती. उत्तर माझं चुकलं.